बाबी तांडेलाचा खोटा कौल

देवबागच्या बाबी तांडेलाला देवानं उजवा कौल दिला आणि मगच त्यानं इंजेक्शन घेतलं, ही गोष्ट आमच्या हॉस्पिटलात इतक्या वेळा सांगून झाली आहे की आता ती सगळ्यांना खरीच वाटते. ती खरी नाही. तो कौल मी दिला होता. देवाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

संपादकांनी माझ्याकडे दवाखान्यातल्या गमतीजमती मागितल्या आहेत. त्या देतो. पण त्यांतली एक गंमत नाही, आणि तिच्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. चूक माझी होती, त्यांची पाटी मध्ये कशाला?

मी मूळचा ईसीजी काढणारा. छातीला गार जेल लावायचं, तारा चिकटवायच्या आणि 'हलू नका' म्हणायचं, यात माझी बहुतेक नोकरी गेली. शेवटच्या काही वर्षांत आमच्या मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, "भाऊ, तुम्हाला वाचता येतं, मालवणी येतं आणि तुम्ही चिडत नाही. उद्यापासून तुम्ही संशोधन समन्वयक." मी घरी येऊन ही पदवी बायकोला सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे आता तारा कोण चिकटवतलो?"

काम असं होतं. हृदयाचा झटका म्हणजे हृदयाच्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढचा स्नायू उपाशी पडतो. डॉक्टर मनगटातून बारीक नळी घालून, फुगा फुगवून ती वाट मोकळी करतात. आपण म्हणतो, सुटलो. पण अडलेलं रक्त एकदम परत आलं की त्या रक्ताच्या येण्यानंच स्नायूला आणखी इजा होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मदतीला म्हणून धावतात आणि जिवंत राहिलेलं सुद्धा मोडून ठेवतात. ही इजा कमी व्हावी म्हणून एक अँटीबॉडी तयार केलेली होती. अँटीबॉडी म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं असं प्रथिन, जे शरीरातली ठरावीक एकच गोष्ट ओळखून तिला धरून ठेवतं. वाट उघडायच्या आधी ती शिरेतून द्यायची आणि उपयोग होतो का ते पाहायचं. उपयोग होतोच असं कुणालाच माहीत नव्हतं. माहीत असतं तर मला नेमलंच नसतं.

हे रुग्णांना सांगायला मी चतुर्थीचं घर वापरत असे. वर्षभर बंद असलेलं घर. मुंबईहून तिघे भाऊ पोराबाळांसकट एकदम येतात. सगळे चांगल्या मनानंच येतात. एक जण फुगलेलं दार खांद्यानं ढकलतो, ते बिजागरीसकट आत. दुसरा पंप सुरू करतो, तो जळतो. तिसरा माळा साफ करायला चढतो आणि पायासकट खाली येतो. वर्षभर बंद राहून जे टिकलं, ते उघडल्यावर पहिल्या दोन तासांत मोडतं. तर हे औषध म्हणजे पायरीवर उभा राहिलेला शेजारी. तो सांगतो, "येवा सगळ्यांनी, पण पहार घेतलेल्यान वायच भायर थांबा."

हे सगळ्यांना समजायचं. फक्त एकदा, गोरेगावहून सुट्टीला आलेला एक रुग्ण छातीत कळ असतानाही अर्धा उठून बसला. "म्हणजे आम्ही गावाक घर मोडूक येतो काय?" त्याला शांत करायला सिस्टरला वेगळं इंजेक्शन द्यावं लागलं.

'अँटीबॉडी' हा शब्द मात्र मी पहिल्याच आठवड्यात बंद केला. त्यातला अर्धा शब्द ऐकून बाहेर बसलेल्या एका म्हातारीनं हंबरडा फोडला होता आणि तिचा नवरा आत चांगला चहा मागत होता.

पुढचा नियम लोकांच्या गळी उतरवणं सगळ्यांत कठीण. निम्म्यांना औषध मिळणार आणि निम्म्यांना नुसतं सलाईन. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला, डॉक्टरांना, मला, कुणालाच कळणार नाही. नाहीतर आपल्या मनाला हवं तेच आपण पाहतो. एका निवृत्त गुरुजींनी घामाघूम अवस्थेत माझा संमतीचा फॉर्म हातात घेतला आणि लाल पेन मागितलं. मी समजलो सही करताहेत. त्यांनी पहिल्या पानावर सात चुका काढल्या, खाली 'पुन्हा लिहून आणा' असा शेरा मारला आणि आत गेले. ते बरे झाले. आमच्या अभ्यासात मात्र आले नाहीत.

औषधाच्या बाटल्या ठेवायला एक वेगळा फ्रीज होता. त्याचं तापमान दिवसातून दोनदा लिहायचं. एकदा मुंबईच्या ऑफिसातून तपासणीला आलेल्या बाईंनी तो उघडला, तर आत गुलाबी द्रवाची बाटली. त्यांनी हातमोजे घालून ती उजेडात धरली आणि विचारलं, "हा कुठला नमुना?" मी म्हटलं, "मॅडम, सोलकढी. आमच्या वॉर्डबॉयची." त्यांनी रीतसर नोंद केली: फ्रीजमध्ये अभ्यासबाह्य पदार्थ, गुलाबी, एक. ती सोलकढी त्या फायलीत आजही आहे. मी खोटा सांगितलेला कौल मात्र परवापर्यंत कुठल्याच फायलीत नव्हता.

आता त्याच्याकडे येतो.

झटक्याचा रुग्ण आला की टेबल तयार व्हायला वीसेक मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात मी रुग्णाला दोन पानी छोटा फॉर्म समजावून विचारायचं. हो म्हटलं तर अभ्यासात, नाही म्हटलं किंवा उत्तरच आलं नाही तर नेहमीचे उपचार. डॉक्टर कुणाच्या होकारासाठी मिनिटभरही थांबत नसत आणि ते बरोबरच होतं. रुग्णाचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते माझं. दोन महिने होत आले तरी आमच्याकडे एकही होकार नव्हता. दर महिन्याला सगळ्या केंद्रांची संगणकावर बैठक व्हायची. बाकीचे आपापले आकडे सांगायचे. मग त्या सोलकढीवाल्या बाई म्हणायच्या, "सिंधुदुर्ग?" आणि मी आवाज येत नसल्याचा अभिनय करायचो.

अशात एका सकाळी अकराच्या सुमाराला बाबी तांडेल आला. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. वय साठीच्या अलीकडचं, हात वल्ह्यासारखे. पहाटेपासून पोटात वायू धरला समजून ओव्याचं पाणी पीत बसला होता. बरोबर बायको, शालूवहिनी. मी चतुर्थीच्या घरापासून सुरुवात केली.

"भाऊनू," तो म्हणाला, "माका ह्या कळाचा नाय. माझ्या छातीर बैल बसलो आसा. तुमी देवाक इचारा."

"तांडेलानू, देवाक कसा इचारू? इंजेक्शन तुमका घेवचा आसा."

शालूवहिनी मध्ये पडल्या. "आमच्यात देवाक इचारल्याशिवाय होडीसुद्धा पाण्यात घालणत नाय. पांडूभावजींका फोन लावा. माझो फोन चुलीकडे ऱ्हवलो."

पांडू हा बाबीचा धाकटा भाऊ. त्यांच्या माडाच्या बागेत कुळाच्या देवाचं स्थान आहे, आणि तिथं कौल लावायचं काम पांडूकडे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना फुलांचे ओले कळे चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालून उभं राहतात. उजवीकडचा आधी पडला तर देव हो म्हणाला, डावीकडचा पडला तर नाही. आमच्या भागात लग्नं, विहिरी आणि कोर्टातले दावे यावर ठरतात. मी माझ्या फोनवरून पांडूला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पाच मिनिटात लावतंय."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. बारा झाली तेव्हा सिस्टर दारात येऊन म्हणाली, टेबल तयार होत आलं. मी व्हरांड्यात गेलो आणि फोन वाजला.

"भाऊनू, कळे लावलंय. पण अजून एक पण हलाक नाय."

"किती वेळ लागतलो?"

"ता मी कसा सांगू? देव काय माझो खलाशी आसा?"

मी फोन ठेवून आत गेलो. नवरा-बायको दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. 'अजून काही नाही' एवढं म्हणायचं होतं. मग सिस्टरनं त्याला आत नेलं असतं, नेहमीसारखे उपचार झाले असते आणि माझा आकडा शून्यच राहिला असता. मी म्हणालो, "उजवो."

बाबीनं डोळे मिटून हात जोडले. शालूवहिनींनी पदर तोंडाला लावला. मी कॅमेरा सुरू केला, कारण संमती देतानाचं चित्रीकरण करावं लागे. त्यात सगळं नियमाप्रमाणे आहे. मी विचारतो, तुमच्यावर कुणी दबाव आणला का? बाबी म्हणतो, "नाय." मी विचारतो, स्वखुशीनं? तो म्हणतो, "होय तर." व्हरांडा कॅमेऱ्यात येत नाही.

इंजेक्शन दिलं, वाट उघडली, आणि उघडताक्षणी त्याचं हृदय वेडंवाकडं धडधडायला लागलं. असं होतं कधीकधी, रक्त परतताना. डॉक्टरांनी शॉक दिला. मी बाहेर काचेपाशी उभा होतो. तेवढ्या वेळात मी त्या कुळाच्या देवाशी इतकं बोललो की त्याला सगळं खरं कळलं असणार. दुसऱ्या शॉकनंतर ठोके ताळ्यावर आले. बाबीनं डोळे उघडले आणि विचारलं, "जाळा कोणी ओढल्यानी?"

मग मी पांडूला फोन केला. "सगळं नीट झालं. आता कळे काढलेत तरी चालेल."

"काढूचे कसे? एक पण नाय पडलो अजून!"

"आम्ही थांबलो नाही," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

दुपारी पांडू हॉस्पिटलात आला, तशा शालूवहिनी त्याच्या पायाच पडल्या. "भावजी, तुमी देवाक बोलतो केलास!" पांडूनं माझ्याकडे पाहिलं. मी ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे पाहिलं. पांडूनं क्षणभर विचार केला आणि हात आकाशाकडे केला. "मी काय केलंय? सगळा तेचा."

तेव्हापासून आम्ही दोघं बाजारात भेटलो की एकमेकांना न ओळखता पुढे जायचो.

देवबागची गोष्ट किनाऱ्यानं पसरली. पुढच्या महिन्यापासून लोक आल्याआल्या विचारायचे, "बाबी तांडेलान घेतल्यान ता इंजेक्शन खंय?" चतुर्थीचं घर सांगायची गरजच उरली नाही. आमचा आकडा वर चढला. बैठकीत बाई म्हणाल्या, "सिंधुदुर्गनं स्थानिक संस्कृतीचं भान ठेवून काम केलं." मला प्रमाणपत्र मिळालं. ते बायकोनं भिंतीवर लावलं आणि ते नजरेसमोर येऊ नये म्हणून मी दर चार दिवसांनी माझी खुर्ची हलवत गेलो.

कारण बाबीचं पुढं चालू होतं. बरं वाटल्यावर सतरा पानी पूर्ण फॉर्म वाचून दाखवायचा असतो. मी वाचायला लागलो तर तो म्हणाला, "देवान हो म्हटल्यार मी आणि काय आयकू? सही खंय ती दाखवा." मी दाखवली. त्या सतरा पानांत होतं की रक्त पुन्हा पुन्हा द्यावं लागेल, आणि हृदयाचा किती भाग मेला ते पाहायला लांब शहरात जाऊन यंत्राच्या नळीत झोपावं लागेल. कधीही नको म्हणता येईल, हेही होतं.

त्या नळीशी मी त्याच्याबरोबर गेलो होतो. भर वादळात होडी घरी आणणारा माणूस आत सरकला आणि पाच मिनिटांत लहान मुलासारखा रडू लागला. बाहेर काढून पाणी दिलं. म्हणाला, "परत घाला. देवाचो शब्द आसा म्हणान इलंय, नायतर माका ह्या नळयेत सरकारान पण घातलो नसतो." मी मान हलवली. तेव्हा बोलायला हवं होतं. पुढच्या तपासणीची तारीख नारळी पौर्णिमेला आली. समुद्राला नारळ द्यायचा मान तांडेलाचा. त्या वर्षी तो नारळ पांडूनं दिला आणि बाबी आमच्या खुर्चीत दंड पुढे करून बसला. मी तारीख बदलून मागितली असती तर मिळालीही असती. मी मागितली नाही, कारण कुणी तरी 'का' असं विचारलं असतं.

अभ्यास संपल्यावर कुणाला काय मिळालं त्याची यादी उघडली. बाबीच्या नावासमोर सलाईन होतं. सगळ्यांना कळवायचं काम माझं. मी सगळ्यांना कळवलं, एक सोडून. असं औषध अजून कुठल्या दुकानात आलेलं नाही, पण प्रयत्न चालू आहेत आणि ते व्हायलाच हवेत. माझ्यासारख्या माणसांशिवाय व्हावेत एवढंच.

निवृत्तीनंतरही नव्या समन्वयकांना शिकवायला मला बोलवायचे आणि मी ती गोष्ट हातवारे करून सांगायचो. गेल्या खेपेला पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "सर, कौलाचा फोन किती वाजता आला होता? आणि तो उजवा पडल्यावर आला की आधी?" तिनं सरळ मनानं विचारलं होतं. सगळे हसले, मीही हसलो, आणि नंतर मला बसायला खुर्ची सापडेना. दुसऱ्या दिवशी कपाटातून फॉर्मची कोरी प्रत काढली आणि देवबागची बस धरली.

बाबीच्या घरी आता पर्यटकांच्या खोल्या आहेत. अंगणात ओले टॉवेल आणि कुणाची तरी तरंगायची रबरी चकती. पांडू ओट्यावर जाळं विणत होता. मला पाहून तो उठला.

"बस रे," बाबी म्हणाला. "खंय धावतंस?"

मी सगळं सांगितलं, व्हरांड्यापासून सलाईनपर्यंत. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करू शकलो नसतो.

पहिल्यांदा शालूवहिनी बोलल्या. "पांडूभावजी, मगे तो कळो पडलो खंय?"

"माका काय म्हायत? भाऊंनी झाला म्हणान सांगितल्यानी, मी च्या पिऊक गेलंय."

"देवाक उभो करून च्या पिऊक गेलास?"

बाबीनं समुद्राकडे पाहिलं. मग म्हणाला, "शिरेत काय घातलास म्हणालास? मीठपाणी? ता माझ्या दारात आसा मरे. तेच्यासाठी हॉस्पिटलात कित्याक जावचा?" आणि हसला. पांडूही हसायला लागला, तसा बाबी थांबला. "तू हसा नको. माझो नारळ तू दिलंस."

मी पिशवीतून फॉर्म काढला. म्हटलं, "तांडेलानू, तेव्हा तुमच्याकडनं होकार घेतला तो खरा नव्हता. आज हा वाचून दाखवतो. कळलं नाही तर थांबवा. आणि मग सांगा, तेव्हा असं कुणी सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतं. जे म्हणाल ते लिहून मी हॉस्पिटलच्या नीती समितीकडे पाठवतो, माझ्या कबुलीसकट. तुमची माहिती अभ्यासात ठेवायची की काढायची ते मग ते ठरवतील."

सतरा पानं मी मालवणीत सांगितली. दोन तास लागले. नोकरीत मी कुणाला सात मिनिटांपेक्षा जास्त दिली नव्हती. बाबीनं एकेका वाक्याला अडवलं. रक्त किती वेळा? नळी किती लांब? तारीख कोण ठरवणार? मीठपाणी मिळालं तरी नळीत जायचंच? का? मी त्याचं कारण सांगितलं, की दोन्हींची तुलना केल्याशिवाय काही कळत नाही. तो म्हणाला, "ह्या बरोबर आसा. ह्या माका पटला." 'कधीही नको म्हणता येईल' हे वाक्य त्यानं दोनदा म्हणून घेतलं. मध्येच एक पर्यटक बोट कधी सुटणार विचारत आला. शालूवहिनींनी त्याला हातानंच परत पाठवलं.

शेवटचं पान संपलं. बाबीनं विचार केला, खराच केला. भुवयांवरून दिसत होतं.

"नाय," तो म्हणाला.

"नक्की?"

"औषध वायट आसा म्हणान नाय. दुसऱ्या कोणी घेवचा तर घेवने. पण त्या नळयेत मी गेलंय नसतंय, आणि पौर्णिमेक तर नायच नाय. लिवा: बाबी तांडेल नाय म्हणता."

मी तसंच लिहिलं आणि त्या दिवसाची तारीख घातली. बाबीनं सही केली. साक्षीदार म्हणून पांडूची घेतली. त्या कागदाबरोबर माझी कबुली समितीकडे गेली आहे. पोच आली आहे, निर्णय यायचा आहे. प्रमाणपत्रही मी परत पाठवलं. भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिला आहे. बायको म्हणते, तिथं कॅलेंडर लावूया.

नोकरीत मी पुष्कळ होकार गोळा केले. नीट समजावून, वेळ देऊन, गप्प बसून ऐकून मिळवलेलं उत्तर हे एकच, आणि ते नकाराचं.

मी निघायला उठलो तेव्हा आतून सुरमईचा वास येत होता. शालूवहिनी ताट घेऊन दारात आल्या, तशी बाबीनं त्यांना हात वर करून थांबवलं.

"गो, आदी भाऊंका इचार, जेवतले काय. इचारल्याशिवाय वाढू नको."